बडोद्याहून आगुंब्याला: मिरवेल, जळवा आणि न दिसलेला नागराज

शनिवार, गाडीत

सप्टेंबरात, तेही पितृपक्षात, कर्नाटकातल्या आगुंब्याचं जंगल बघायला निघायचं म्हटल्यावर आमच्या दांडिया बाजारातल्या घरी सगळीकडून नकारघंटा वाजली. सासूबाई म्हणाल्या, पक्षात लांबचा प्रवास करू नये. शेजारच्या गुजराती काकींना पडलेला प्रश्न वेगळाच, गीर एवढं जवळ असताना कर्नाटकात कशाला जायचं, तिथे सिंह दिसतो का? मला मात्र पावसाळ्याचं शेपूटच हवं होतं. पाऊस जरा आवरलेला असतो, ओढे भरलेले असतात आणि बेडूक अजून बोलत असतात. शिवाय घटस्थापनेच्या आत घरी पोचायलाच हवं. गरब्याच्या रात्री बडोदं सोडून बाहेर राहणारा बडोदेकर मला तरी अजून भेटायचा आहे.

मंडळी अशी: मी (शाळेत जीवशास्त्र शिकवते), आमचे हे, ह्यांच्या आत्या आणि कॉलेजात जाणारा भाचा. भाच्याकडे उसना आणलेला मोठा कॅमेरा आणि डोक्यात एकच विषय, नागराज, म्हणजे किंग कोब्रा. आत्यांकडे दशम्या, लीलो चिवडा, भाकरवडी आणि ‘मी नुसती हवा खायला येत्येय, मला डोंगर चढायला लावू नका’ ही अट.

रविवार, कोकणातून उडपी

सकाळी डोळे उघडले तेव्हा बाहेर कोकण होतं. बोगदा, धबधबा, पुन्हा बोगदा. पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी रमतगमत चालली होती, पण खिडकीत बसायला मिळालं की तक्रार कशाला करायची?

रत्नागिरीच्या पुढे भाच्याने जाहीर केलं, ‘मामी, हेच की रेनफॉरेस्ट. पुढे कशाला जायचं?’ प्रश्न वाजवी होता. पाऊस कोकणातही मुबलक पडतो. पण सह्याद्रीच्या उत्तर भागात तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि उरलेलं वर्ष कोरडं जातं. एवढा काळ तग धरायला बरीचशी झाडं पानं गाळून टाकतात. दक्षिणेकडे जावं तसे कोरडे महिने कमी होत जातात आणि मग बारा महिने पानांचं छत मिटलेलं ठेवणारं सदाहरित जंगल उभं राहतं. वर्षाला एकूण पाऊस किती पडतो हे महत्त्वाचं आहेच, पण झाडाला पाण्यावाचून किती महिने काढावे लागतात यावरही बरंच ठरतं. भाचा ‘हं’ म्हणाला आणि भाकरवडीकडे वळला.

रात्री उडपीला उतरलो. पुनर्पुळीचं सरबत प्यायलो, म्हणजे आपलं कोकमच. आत्यांचं मत पडलं, साखर जास्त झाली.

सोमवार, घाट चढून

उडपी ते आगुंबे जेमतेम पंचावन्न किलोमीटर. हेब्री, सोमेश्वर आणि मग घाट. घाटात चौदा हेअरपिन वळणं आहेत आणि प्रत्येकाला आकडा दिलेला आहे, त्यामुळे पोटात ढवळणाऱ्या माणसाला किती उरली ते तरी कळतं. सोमेश्वरला घाम पुसत होतो आणि वर पोचलो तर धुक्यात शेजारची गाडी दिसेना.

आगुंबे समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथल्या कड्याला धडकतात. वर्षाची सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर जाते. आमच्या बडोद्यात नऊशेच्या आसपास पडतो आणि तेवढ्यातही एखाद्या वर्षी विश्वामित्री नदी घरात शिरते. आमचे यजमान सुपारीचे बागायतदार. त्यांनी हिंदीत विचारलं, ‘तुमच्या शहरात जंगल आहे का हो?’ भाचा छाती काढून म्हणाला, ‘जंगल नाही, पण नदीत मगरी आहेत. 2024 च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा रस्त्यावर आल्या होत्या.’ नागराजाच्या गावात राहणारे ते गृहस्थ हे ऐकून खरंच बिचकले. माणूस आपल्या दारच्या संकटाला सरावतो, दुसऱ्याच्या दारचं मोठं वाटतं.

दुपारी बागेतच पहिला शोध लागला. सुपारीच्या खोडावर सालीचा एक तुकडा हलला. उडता सरडा, ड्रॅको. बसलेला असला की दिसतच नाही. नराने गळ्याखालची पिवळी झालर फडकवली म्हणून सापडला. मग त्याने बरगड्या पसरल्या, त्यांच्यावर ताणलेलं कातडं पंख्यासारखं उघडलं आणि हा पठ्ठ्या समोरच्या झाडावर तरंगत गेला. उडता म्हणायचं, पण पंख मारत नाही, नुसता घसरतो. मुंग्या खातो, आयुष्य खोडावर काढतो. मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते, तेवढाच काय तो तिचा मातीशी संबंध.

रात्री जेवायला पत्रोडे. आत्यांनी पहिल्या घासालाच ओळखलं, ‘ही तर अळूवडी!’ अळूवडीच, पण हे अळू जमिनीतलं नाही. पावसाळ्यात झाडांच्या खोडांवर, फांद्यांच्या बेचक्यांत उगवतं. मलनाडात, म्हणजे कर्नाटकातल्या या डोंगराळ भागात, त्याला मरकेसू म्हणतात, कोकणातले लोक रुखाळू. यजमानीणबाई म्हणाल्या, हे पान घशाला कमी खाजतं. आत्यांनी लगेच पाककृती विचारून घेतली आणि मी माझ्या वहीत पहिली नोंद केली: दुसऱ्या झाडावर राहतं, पण त्याचं काही खात नाही. बांडगूळ वेगळं, ते यजमान झाडाच्या आत मुळं घालून पाणी चोरतं. रुखाळूला फक्त बसायला जागा हवी असते. सदाहरित जंगलात तळाशी उजेड नाही, म्हणून ज्यांना उंच खोड वाढवायला परवडत नाही ते दुसऱ्याच्या खांद्यावर बसून उजेड गाठतात. आमरी (ऑर्किड), नेची, शेवाळं, सगळ्यांचा हाच उद्योग. नेच्यांतलं एक तर तपकिरी पानांची टोपली करून बसतं, वरून पडणारा पालापाचोळा तीत कुजवतं आणि झाडावर स्वतःची माती तयार करतं.

जेवणानंतर कषाय आला. धणे, जिरे, मिरी, गूळ आणि दूध. त्यातली मिरी कुठून आणता असं आत्यांनी विचारलं. यजमानांनी दाराबाहेर बोट दाखवलं.

मंगळवार, जंगलात

सकाळी वाटाड्या आला. तरुण पोरगा, कन्नड, तुळू, हिंदी सगळं बोलतो. वनखात्याची परवानगी लागते ती त्याने आधीच काढून ठेवली होती. त्याने आमचे पाय बघितले, मान हलवली आणि गुडघ्यापर्यंतचे जाड कापडाचे मोजे दिले. इंबळ, म्हणजे जमिनीवरच्या जळवा. पाचोळ्यात उभ्या राहून डोलत असतात, पावलांचा हादरा आणि अंगाची ऊब कळली की निघाल्याच. चावलेलं कळत नाही. रक्त गोठू नये म्हणून त्या लाळेतून एक द्रव्य सोडतात, त्यामुळे जळू पोट भरून गेली तरी जखम वाहत राहते. ओढून काढू नका, नखाने कडेने सोडवा, एवढंच सांगते. ह्यांनी मीठ, तंबाखू, चुना सगळं लावलं होतं. सगळ्यांत जास्त जळवा त्यांनाच लागल्या.

आत शिरलो आणि पहिल्या पाच मिनिटांतच गीरची सवय उघडी पडली. गीरमध्ये, कान्ह्यात आपण जीपमध्ये बसून आडवं बघतो. गवत, झुडूप, पाणवठा, आणि त्यात हललेलं काहीतरी मोठं. इथे आडवं काही दिसतच नाही, दहा पावलांवर हिरवी भिंत. भाचा अर्ध्या तासात कुरकुरायला लागला, ‘मामी, एवढं जंगल आणि प्राणी शून्य.’ प्राणी डोक्यावर होते. वरच्या छताला जेवढं ऊन मिळतं त्याचा शंभरातला एखाददुसरा भागच जमिनीपर्यंत उतरतो. जिथे ऊन तिथे कोवळी पानं, फुलं, फळं. आणि जिथे फळं तिथे खाणारे. त्यामुळे इथली वस्ती उभी आहे. सर्वांत वर मान काढलेले महावृक्ष, त्यांच्याखाली सलग छत, त्याखाली सावलीत निभावणारी मधली झाडं आणि तळाशी अंधार, बुरशी, वाळवी, बेडूक. इथे मान मागे टाकून उभं राहायचं आणि एकेक मजला वाचायचा. चाललात तर काही दिसत नाही.

आत्या चालणार नव्हत्याच. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणून त्यांना दिसलं.

‘अगं, ही मिरीच ना?’ एका सरळसोट खोडावर वेल चढला होता, हृदयाच्या आकाराची पानं, आणि कोवळे हिरवे घोस. मिरीच. लागवडीची नाही, रानातली. जगभरच्या स्वयंपाकघरांत गेलेल्या मिरीचं मूळ घर हेच, पश्चिम घाटाचं ओलं जंगल. वेलाला सावली, दमट हवा आणि चढायला खोड लागतं. तिखटपणा पायपरिन या द्रव्याचा; वेल ते काही आपल्या कषायासाठी बनवत नाही, फळ कुरतडणाऱ्या किड्यांना आणि बुरशीला दूर ठेवायला बनवतो.

मग त्यांचा झपाटाच सुरू झाला. खोडावरचं राखाडी, झालरी झालरीचं काहीतरी नखाने टोकरून हुंगलं, ‘हे दगडफूल.’ बरोबर. ते फूलही नाही आणि दगडाचंही नाही. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून चालवलेला संसार. शैवाल उन्हातून अन्न करतं, बुरशी घर आणि ओलावा पुरवते. पुढे वाटाड्याने एका झाडाच्या सालीवरची जुनी खोक दाखवली, तीतून रक्तासारखा लाल चीक ओघळून वाळला होता. रानजायफळ. त्याच्या बीभोवती जी केशरी-लाल जाळी असते ती रामपत्री. आत्या गोड्या मसाल्यात ती गेली कित्येक वर्षं मंगळ बाजारातून आणून घालतायत, झाड आज पाहिलं. झाडावर आत्ता फळ नव्हतं, पण यजमानांनी संध्याकाळी डब्यातून वाळलेली रामपत्री काढून दाखवली.

ती जाळी तिथे का असते, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. फळ उकललं की तो रंग धनेशाला लांबून दिसतो. धनेश बी जाळीसकट गिळतो, जाळी पचवतो आणि बी लांब कुठेतरी टाकतो. एवढं जड बी वाऱ्याने जाणार नाही आणि आईच्या सावलीत पडलं तर उजेडाअभावी मरेल. म्हणजे झाडाने धनेशासाठी मांडलेलं आमिष आपण मसाल्याच्या डब्यात भरतो. हे ऐकून आत्या जरा वेळ गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, ‘तरीच इतकी महाग.’

पानांकडेही बघा. बहुतेकांची टोकं लांब, निमुळती, शेपटी काढल्यासारखी. पाणी पानावर साचलं तर शेवाळ धरतं, म्हणून ते या टोकावरून ठिबकून जातं. कोवळी पालवी हिरवी नाही, लालसर आणि लोंबती. मोठ्या झाडांची बुंध्याशी फळ्यांसारखी उभी मुळं, कारण माती वरवरची आहे. एवढं घनदाट रान म्हणजे खाली सुपीक जमीन असणार, असं वाटतं ना? तसं नसतं. सततच्या पावसाने जमिनीतली क्षारद्रव्यं धुऊन जातात, खाली राहतो तो लाल जांभा. सारी पुंजी झाडांच्या अंगात. पान पडलं की बुरशी आणि वाळवी त्याचा फडशा पाडतात आणि मुळं ते लगेच ओढून घेतात. म्हणून असं जंगल तोडून शेती केली की थोड्याच वर्षांत जमीन हात वर करते.

मिटलेल्या छताखाली गारंबीचे वेल मांडीएवढे जाड. शेंग मीटरभराहून लांब. भाच्याने अखेर कॅमेरा वर केला.

त्याच रात्री यजमानांच्या बागेत पाण्याच्या टाक्याशी गेलो. जंगलात रात्री जाऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. टाक्यावर झुकलेल्या फांदीवर ताकावरच्या फेसासारखा पांढरा गोळा लटकत होता. मलबारी उडता बेडूक. मादी अंडी घालताना एक द्राव सोडते आणि पायांनी घुसळून त्याचा फेस करते. अंडी त्यात ओली राहतात, खालच्या पाण्यातल्या माशांपासून सुरक्षित. भैकेर, म्हणजे बेडकाची शेपूटवाली पिल्लं, तयार झाली की पावसाच्या पाण्याबरोबर थेट टाक्यात टपकतात. बेडूक स्वतः पानावर बसला होता, हिरवागार, बोटांमधलं कातडं शेंदरी. उडी मारली की तेच चार पडदे उघडतात आणि तो कित्येक फूट तिरपा तरंगत जातो.

पण मला त्याहून भारी वाटले ते अंगठ्याच्या नखाएवढे झुडपी बेडूक. त्यांच्या अंड्यातून भैकेर बाहेरच येत नाही. भैकेराची सगळी अवस्था अंड्यातच उरकते आणि शेपूट नसलेलं चिमुकलं बेडूक तयार होऊन बाहेर पडतं. मग तळं हवंच कशाला? पानावरचा ओलावा पुरतो. इतकी वर्षं फळ्यावर ‘अंडी, भैकेर, बेडूक’ असं चक्र काढत आले, आता शेजारी आणखी एक चक्र काढावं लागणार.

बुधवार, ओढ्याकाठी

दिवसभर पाऊस. दुपारी उघडीप मिळाली तेवढ्यात ओढ्यावर गेलो. पाण्याचा आवाज इतका की आपसात बोलायचं तर ओरडावं लागत होतं. ओल्या दगडावर एक बारका तपकिरी बेडूक बसला होता. त्याने मागचा पाय ताणला, बोटं पसरली आणि पाय परत घेतला. पुन्हा तेच. नाचरा बेडूक. ओढ्याच्या गोंगाटात नुसती हाक पुरत नाही, म्हणून नर पाय फडकावून दुसऱ्या नराला ‘हा दगड माझा’ असं बजावतो. या कुळातल्या चौदा नव्या जाती 2014 मध्ये बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगासमोर आणल्या, सगळ्या पश्चिम घाटातल्या. इतका जुना, माणसांनी वेढलेला डोंगर आणि त्यात अजून न मोजलेले बेडूक निघतात.

परतताना उंबराच्या कुळातलं एक प्रचंड झाड लागलं. मुळांची जाळी आणि आत पोकळी, भाचा आत जाऊन उभा राहिला. पक्ष्याने कधीतरी दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावर बी टाकलं, तिथून मुळं खाली उतरली, जमिनीला टेकली, जाड झाली, एकमेकांना जुळली. मधलं झाड उजेड आणि पाणी हरून मेलं, कुजलं आणि आता फक्त त्याची जागा उरली आहे. आमच्या बडोद्यातल्या वडांच्या पारंब्यांना मुलं झोके घेतात, आत्या वटपौर्णिमेला दोरा गुंडाळतात. त्याच्या भाऊबंदांचा हा कारभार बघून त्यांनी हात जोडले, पण जरा लांबूनच.

या झाडांवर अख्खं रान पोसलं जातं, कारण इतरांचा हंगाम सरला तरी कुठल्या ना कुठल्या उंबराला फळ असतंच. आम्ही उभे असतानाच वर खसफस झाली. शेकरू, तांबडं आणि काळं, शेपूट धडाएवढी. मग माणूस हसल्यासारखा कर्कश आवाज, मलबारी राखी धनेश. आणि त्यानंतर ज्यासाठी मी आले होते ते: वाफेचं इंजिन जवळ यावं तसा पंखांचा फुत्कार आणि छताच्या फटीतून गेलेला मोठा धनेश, पिवळी चोच, पांढरी मान. दोन सेकंद. फोटो नाही.

धनेशाची मादी विणीच्या वेळी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. पुढचे काही महिने नर तिला आणि पिलांना त्या फटीतून उंबरं भरवतो. नर मारला गेला तर आतलं कुटुंब उपाशी मरतं. आणि ढोली लागते जुन्या, जाड झाडात. नवी लागवड करून ती मिळत नाही. कुणी ‘एका झाडाच्या बदल्यात दहा झाडं लावू’ म्हणालं की मला ही ढोली आठवेल आणि मी भांडेन.

गुरुवार, नागराजाच्या नावाने

आज सगळं भाच्याच्या मर्जीने. आगुंब्यात 2005 मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी वर्षावन संशोधन केंद्र सुरू केलं, आणि नागराजाच्या अंगात रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्याच्या मागे फिरण्याचं काम इथेच झालं. आम्ही बाहेरूनच नमस्कार केला. संशोधनाच्या जागी पर्यटकांनी उगाच घुसू नये असं माझं मत.

इथले लोक त्याला कालिंग म्हणतात. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी नागराजाच्या चार वेगळ्या जाती मानल्या, त्यांतल्या पश्चिम घाटातल्या जातीला हेच नाव दिलं. तो साप खातो, मुख्यतः धामण. धामण उंदरांमागे घरात येते, तिच्यामागे हा. यजमानांच्या न्हाणीघरात एकदा शिरला होता. मग काय केलंत? ‘काय करणार, दार लोटलं आणि साप पकडणाऱ्यांना फोन केला. तोपर्यंत कुणी आंघोळ केली नाही.’ भारतात मिळणारं नेहमीचं प्रतिविष याच्या विषावर चालत नाही, तरीही इथे त्याला सहसा मारत नाहीत. हात जोडतात आणि वाट देतात. सापांमध्ये घरटं बांधणारी मादी ही एकच: अंगाच्या वेटोळ्यांनी पालापाचोळा ओढून ढीग रचते, आत अंडी घालते, वर राखण करत बसते आणि पिलं बाहेर यायच्या सुमारास निघून जाते. तो ढीग एवढा नेटका असतो की एवढ्या पावसातही अंडी कोरडी राहतात.

दिवसभर हिंडलो. नागराज दिसला नाही. मलबारी चापडा मात्र दिसला, वाटेच्या कडेला फांदीवर, पिवळट हिरवा, हललाच नाही. सकाळी जिथे होता तिथेच संध्याकाळी. डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खळीने त्याला भक्ष्याची ऊब जाणवते, म्हणून त्याला फिरावंच लागत नाही. याच जातीचे हिरवे, तपकिरी, नारिंगी असे निरनिराळे रंग असतात. भाच्याने तासभर फोटो काढले आणि तरीही चेहरा पाडूनच जेवला.

शुक्रवार

शृंगेरी. शारदांबेचं दर्शन, तुंगेच्या घाटावर हातभर मासे, त्यांना चुरमुरे. आत्या खूश. इथे मासे पकडत नाहीत, म्हणून एवढे वाढलेत.

शनिवार, परतीची गाडी

निघताना यजमानांनी रामपत्रीची पुडी आणि वाळवलेली मिरी दिली; पैसे घेतले, पण बाजारापेक्षा कमी. भाच्याने त्यांना एकीकडे गाठून विचारलं, कालिंग नक्की कधी दिसतो? ते म्हणाले, मार्च-एप्रिलमध्ये ये, तेव्हा नर मादीच्या शोधात हिंडतात, एकमेकांशी झुंजतात, दिसण्याची शक्यता जास्त. भाच्याने गाडीत बसल्या बसल्या तारखा बघायला सुरुवात केली.

‘मार्चात तुझी परीक्षा नसते का रे?’ आत्यांनी दशमीचा डबा उघडत विचारलं.

‘आत्याआजी, तू येणार असशील तर आई हो म्हणेल.’

‘मी येईन,’ आत्या म्हणाल्या. ‘मसाला तेव्हाच तर करायचा असतो.’